आबांचं एकच खोटं

भानुदास आबा खोटं बोलले. तेही टेबलापलीकडे बसलेल्या चौकशीच्या साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून, न अडखळता, आणि स्वतःच्याच विरुद्ध. मी तिथं साक्षीदार म्हणून बसले होते. खुर्चीवरून खाली पडायची तेवढी राहिले. दुसऱ्या कुणी मला येऊन सांगितलं असतं ना, की आबा खोटं बोलले, तर मी त्या माणसाला उभ्या उभ्या धुऊन काढलं असतं. पण ऐकलं ते माझ्याच कानांनी. आज इतके दिवस झाले, तरी तो धक्का काही जात नाही.

आमचं जलशुद्धीकरण केंद्र इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला. धरणाचं पाणी उचलायचं, त्यात तुरटी टाकायची, गाळ खाली बसवायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि पंपानं गावोगाव पाठवायचं. मी तिथली केमिस्ट. बारामतीहून रोज येऊन-जाऊन करते. आबा विजेच्या कामाचे सुपरवायझर. गाव बावडा. घरी ऊस, भाऊ कारखान्याचे सभासद, सगळं व्यवस्थित. पण यांना लहानपणापासून वायरींचा नाद. डिप्लोमा केला आणि नोकरीला लागले ते इथंच.

नवीन असताना मी त्यांना पावसाळ्यात तुरटी जास्त का लागते यावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, तुरटीबाई." झालं! तेव्हापासून ड्रायव्हरपासून माळ्यापर्यंत सगळ्यांची मी तुरटीबाई. साहेबलोकांच्यासुद्धा तोंडातून ते निसटून जायचं. मी पुष्कळ चिडचिड केली, पण आबांपुढं चिडून उपयोग नसायचा. त्यांचा आवाजच असा, की ते साधं "चहा घ्या" म्हणाले तरी बाहेरच्या माणसाला वाटावं, आत भांडण चाललंय.

या माणसाचा कशावरही विश्वास नव्हता. कुणी काहीही सांगितलं, की पहिला प्रश्न, "बघितलं का?" लाईट बंद केलीय आबा. "बघितलं का?" ट्रक आलाय आबा. "बघितलं का?" त्यांच्या सुनेला बारामतीच्या दवाखान्यात मुलगा झाला, तो फोन मीच घेतला होता. मी धावत पॅनलरूमच्या दाराशी गेले आणि ओरडले, "आबा, नातू झाला!" आतून आवाज आला, "कुणी बघितलं?" सगळे हसून हसून बेजार. संध्याकाळी स्वतः जाऊन बघून आले, तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी पेढे आणले. "आता वाटा," म्हणाले. "आता खरं हाय."

पॅनलरूम म्हणजे सगळ्या केंद्राची वीज जिथून वाटली जाते ती खोली. लोखंडी कपाटांची रांगच्या रांग. बाहेरून येणारी वीज तिथं उतरते आणि तिथून पंपांना, फिल्टरहाऊसला, माझ्या लॅबला जाते. त्या खोलीत काम काढायचं असलं, की आबा मेन स्विच पाडायचे आणि त्याला स्वतःचं पितळी कुलूप घालायचे. किल्ली करदोड्याला. ती किल्ली कुणाच्या हातात जायची नाही. एकदा एका पंपाच्या स्विचला कुलूप घातलं, काम उरकलं, आणि अंथुर्ण्याला पुतणीच्या लग्नाला निघून गेले. कुलूप तसंच. इकडं पंप बंद, तिकडं गावांतून फोनवर फोन. मोटरसायकलवर माणूस पिटाळला. तो मांडवात पोचला तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. आबांनी हातातल्या अक्षता टाकल्या, फेट्यासकट त्याच्या मागं बसले आणि एवढ्या उन्हात इथवर आले. मी म्हटलं, "अहो, किल्ली दिली असती त्याच्याकडं! पंगत सोडून आलात?" तर म्हणे, "किल्ली पाठवून भागत न्हाय बाई. कुलूप घालणाऱ्यानंच काढायचं. मधी कोण हात घालून बसलंय ते त्या मोटरसायकलवाल्याला काय म्हाईत?" कुलूप काढलं, पंप चालू झाला, आणि परत अंथुर्ण्याला. जेवण संपलं होतं म्हणे. त्याचा राग मात्र चार दिवस आमच्यावर निघत होता.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा असते. पंपांना झेंडूच्या माळा, मोटारींना हळदकुंकू. एका वर्षी नवीन गुरुजी आले. मंत्र म्हणत म्हणत तांब्यातलं पाणी दूर्वांनी शिंपडत शिंपडत सरळ पॅनलरूमकडं निघाले. आबा दोन्ही हात पसरून दारात उभे. "गुरुजी, पाणी हिथवरच. आत देव जागा हाय." बिचाऱ्या गुरुजींना वाटलं, आत खरंच मूर्ती आहे. त्यांनी बाहेरूनच साष्टांग नमस्कार घातला. नारळसुद्धा आबांनी लांब अंगणात जाऊन फोडायला लावला, आणि मग स्वतः चपला काढून, उंबऱ्याबाहेर उभं राहून, डोळे मिटून हात जोडले. ते काही थट्टेवारी नव्हतं. त्या माणसाची भीती आणि भक्ती एकाच ठिकाणी होती.

या सगळ्याच्या उलट रामभाऊ. पंपावरचा ऑपरेटर. मऊ माणूस. कुणीही काहीही सांगावं आणि त्यानं "व्हय, व्हय" म्हणावं. कित्येक वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली होता. कायम होण्याची ऑर्डर आज येईल, उद्या येईल, असं चाललेलं. घरात म्हातारी आई, शिकणाऱ्या दोन मुली. आबा त्याला दिवसभर फाडून खायचे आणि दुपारी त्याच्याच शेजारी बसून जेवायचे. भिगवणची चिलापी मासळी आणली, की मोठा तुकडा रामभाऊच्या ताटात. मी नाक दाबून लांब बसायचे, तर मला ओरडून सांगायचे, "तुरटीबाई, ह्यात टाका तुमची तुरटी, वास जाईल!" रामभाऊ खाली मान घालून हसायचा. त्याला आबांनी शिव्या दिल्या नाहीत तर करमायचं नाही, आणि आबांना त्याला दिल्याशिवाय.

आमची जुनी पॅनल म्हणजे एक प्रकरणच होतं. गंजून पापुद्रे सुटलेले, दारं दोरीनं बांधलेली, एका स्विचला तर खालून लाथ घातल्याशिवाय तो बसायचा नाही. पावसाळ्यात आतून गुणगुण ऐकू यायची. आबा नव्या पॅनलसाठी वरच्या ऑफिसात इतके खेटे घालायचे, की तिथले लोक त्यांना बघून जेवायला उठायचे. शेवटी मंजुरी आली. ट्रेलरवरून नवी कपाटं उतरली त्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. भोवती फिरले, आत डोकावले, चक्क वास घेतला. कुणाला हात लावू देईनात. "आता मी सुखानं रिटायर व्हणार," म्हणाले. असं खूश मी त्यांना नातवाच्या पेढ्यांच्या वेळीही बघितलं नव्हतं.

काम होतं ऐन उन्हाळ्यात. पाणी बंद ठेवून एकेक केबल जुन्या कपाटातून सोडवायची आणि नव्यात जोडायची. ते चालू असेपर्यंत फिल्टरहाऊसला उजेड हवा म्हणून ठेकेदारानं एक जनरेटर आणून ठेवला होता. फिल्टरहाऊसची केबल जुन्या कपाटातून सुटून नुसती लोंबत होती, त्यामुळं जनरेटर चालला तरी त्याची वीज फिल्टरहाऊसबाहेर जायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी तो चाललाही. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गावांचा धीर सुटला. फोन, सरपंच, टँकर, सगळे आबांच्या डोक्यावर. त्यांनी मेन स्विचला कुलूप घातलं होतं, तपासलं होतं. वीज आत येण्याचा रस्ता त्यांच्या लेखी बंद होता. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, "फिल्टरहाऊसची केबल?" तो म्हणाला, "ती उद्या जोडणार आबा." आणि आबा, जन्मभर सगळ्यांना "बघितलं का?" विचारणारे आबा, मागच्या बाजूला जाऊन केबल न बघता तसेच पाना घेऊन आत वाकले. केबल सकाळीच जोडून झाली होती. त्या माणसालाच ठाऊक नव्हतं, दुसऱ्या टोळीनं जोडली होती.

त्याच वेळी मला लॅबच्या दारात रामभाऊ दिसला. घामाघूम, छातीशी एक कूलर धरलेला. म्हणाला, "बाई, आबा आत भाजून निघायल्यात. फिल्टरहाऊसच्या खिडकीतनं वारं लावतो, पॅनलरूमच्या दारासमोरच हाय ती. जनरेटर हाय की! त्यास्नी आधी सांगू नका, न्हाईतर नकोच म्हणतील. एकदा गार वारं लागू द्या, मग घालू द्या शिव्या." मला कौतुकच वाटलं त्याचं. मी आत वळून पाण्याचे नमुने बघायला लागले.

फिल्टरहाऊसमध्ये जनरेटर सुरू झाला. त्याची वीज कूलरला गेली, आणि त्याच केबलीतून उलटी, मागच्या दारानं, नव्या पॅनलमध्ये गेली.

आवाज असा झाला, की माझ्या हातातला ग्लास फुटला. मी पळाले. खोलीत धूर, आणि आबा भिंतीला टेकून बसलेले. डोळे उघडे. दोन्ही हात पुढं धरलेले. त्या हातांकडं मी एकदाच बघितलं. अरे देवा! रामभाऊ दारात उभा होता, आणि त्याच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसता जबडा हलत होता. मागून फिल्टरहाऊसच्या खिडकीत तो कूलर तसाच. जनरेटर आपोआप बंद पडला होता. कूलरचं पातं अजून सावकाश फिरत होतं.

बारामतीच्या दवाखान्यात आबा बरेच दिवस होते. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं आखडून गेली, डाव्याची दोन काढावी लागली. मी भेटायला गेले की त्यांची बायको, शांताकाकू, वाटीनं त्यांना आमटी पाजत असायच्या. रामभाऊ रोज यायचा आणि दाराबाहेर बसायचा. आत यायचा नाही.

मग चौकशी लागली. प्रश्न एकच होता. पॅनलमध्ये माणूस असताना, सुपरवायझरच्या परवानगीशिवाय वीज सुरू करायची नाही हा नियम. मग जनरेटर कुणाच्या सांगण्यावरून सुरू झाला? सगळ्यांना माहीत होतं, उत्तर काय ते. रामभाऊनं कुणालाही न विचारता केला. म्हणजे रामभाऊ घरी. कायमची ऑर्डर तर सोडाच, वर पोलिसांत केस. तो चौकशीला आला तेव्हा त्याची बायको गेटबाहेर बसून होती.

साहेबांनी विचारलं, "जनरेटर कोणाच्या परवानगीने सुरू झाला?"

रामभाऊनं तोंड उघडलं. त्याच्या आधी आबा म्हणाले, "माझ्या."



"तुम्ही सांगितलं?"

"व्हय. मीच म्हणलं, कूलर लाव. आत मरणाचं उकडत हुतं."

"तुम्ही स्वतः आत काम करत असताना? एवढ्या अनुभवी माणसानं?"

"व्हय साहेब. चुकलं."

मी उठलेच. माझ्या तोंडावर आलं होतं, साहेब, साफ खोटं आहे हे, रामभाऊ मला स्वतः म्हणाला होता की आबांना सांगू नका. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी पुष्कळ वेळा त्यांचा राग बघितला होता, पण ही नजर वेगळी होती. विनवणी होती तिच्यात. आणि माझी नजर तशीच धरून ते साहेबांना म्हणाले, "बाई लॅबमधी हुत्या. त्यास्नी काय म्हाईत न्हाय." साहेबांनी मान हलवली आणि कागद पुढं ओढला. मला कुणी काही विचारलंच नाही.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. इतकी संतापले होते, की रडू येत होतं. "आबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? अख्खं आयुष्य घालवलंत त्या खोलीच्या दारात हात पसरून! उद्या लोक काय म्हणतील? भानुदास सुपरवायझर म्हणजे वाऱ्यासाठी चालू वीज अंगावर घेणारा मूर्ख!"

"म्हणू द्या."

"म्हणू द्या काय? आणि रामभाऊची चूक नाही? त्यानं विचारलं का तुम्हाला?"

बँडेजमधले हात मांडीवर ठेवून बसले. मग म्हणाले, "बाई, त्यानं माझ्यासाठी वारं आणलं हुतं. मारायला न्हवतं आणलं. आणि दुसरं सांगू? आता त्या खोलीत रामभाऊइतका भरवशाचा माणूस कुठं घावणार न्हाय. जन्मभर बटण दाबताना थरथर कापंल त्यो. त्याला काढलं, तर त्याच्या जागी नवा येईल. नव्याला भ्या नसतंय. मग पुन्हा कुणीतरी आत जळंल."

बरोबर होतं का हे? मी रागावलेच आहे त्यांच्यावर. पण त्यांचं म्हणणं खोडून काढायला गेले, की शब्द सापडत नाहीत.

आबांवर ठपका आला. निलंबन, आणि त्यातच निवृत्ती. निरोपसमारंभ नाही, शाल नाही, नारळ नाही. रामभाऊला कायम केल्याची ऑर्डर आली त्या दिवशी तो पंपहाऊसच्या मागं जाऊन ढसाढसा रडला. पुढं तो कुणाशी फारसा बोलेनासा झाला. साधी ट्यूबलाईट लावायची असली तरी सगळीकडं हाक मारत फिरायचा, "लावू का? आत कोन हाय का?"

त्यानंतर आबा मला एकदाच दिसले.

त्यांच्या पेन्शनचे कागद अडले होते, त्यासाठी ऑफिसात आले होते. पांढरा शर्ट, बटणं शांताकाकूंनी लावलेली. क्लार्कनं पेन पुढं केलं आणि एकदम ओशाळला. मग शाईचा पॅड काढला. डिप्लोमा झालेल्या, ज्यांच्या सहीशिवाय इथला पंखा फिरायचा नाही, त्या आबांचा अंगठा घेतला आम्ही. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

नेमकं त्याच दिवशी वरच्या हॉलमध्ये सुरक्षेचं प्रशिक्षण होतं. बाहेरून एक सर आले होते, नवी भरती झालेले लोक समोर बसले होते. रामभाऊ शेवटच्या रांगेत, मी पलीकडच्या बाजूला. आबा जिना चढून वर आले आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. सरांना काय माहीत, कोण म्हातारा आहे तो! ते पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होते आणि बोलता बोलता म्हणाले, "दूर कशाला जायचं? याच केंद्रात काय घडलं ते ऐका. इथं एक सुपरवायझर होते. स्वतः पॅनलमध्ये वाकलेले असताना, निव्वळ उकडतंय म्हणून, त्यांनी जनरेटर चालू करायला सांगितला. याला म्हणतात बेफिकिरी! अशा माणसामुळे दुसऱ्यांचे जीव जातात."

नवी माणसं हसली. खरंच हसली.

रामभाऊ उठायला लागला. त्याचा चेहरा असा झाला होता, की आता सगळं बाहेर पडणार हे मला कळलं. आबांनी त्यांचा तो आखडलेला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. रामभाऊ खाली बसला. मग आबांनीच तो हात वर केला.

"बोला आजोबा," सर म्हणाले.

"नुसतं बेफिकीर म्हणून सोडू नका," आबा म्हणाले. आवाज तोच, भांडण काढल्यासारखा. "त्यानं मेनला कुलूप घातलं, पर जनरेटरला घातलं न्हवतं. त्याला वाटलं, लाईट फकस्त पुढनंच येती. ती मागनंबी येती. त्ये सांगा ह्या पोरास्नी. हसण्यावारी न्हेऊ नका. लिहून घ्या म्हणावं."

हसू बंद झालं. सगळ्यांनी माना घालून खरंच लिहून घेतलं. सर जरा गोंधळले, मग आदरानं म्हणाले, "फार महत्त्वाचं सांगितलंत. तुम्ही ओळखत होता का त्या माणसाला?"

"व्हय," आबा उठत म्हणाले. "आमच्या बावड्याचाच. लई शाणा समजायचा सोताला."

आणि ते जिना उतरले. मी खिडकीशी गेले. गेटाचा अडसर त्या हातांना उघडेना. वॉचमन धावला, पण त्याच्या आधीच रामभाऊ हॉलमधून पळत खाली गेला होता. त्यानं गेट उघडलं, आणि भर उन्हात, आम्हा सगळ्यांच्या देखत, आबांच्या पायांवर डोकं टेकवलं. आबांना त्याला हातांनी उठवता येईना. ते तसेच उभे राहिले, वाकून त्याला काहीतरी ओरडत, बहुतेक शिव्याच देत.

माझ्या मागून सर विचारत होते, "कोण होते हो ते आजोबा?"